येळवशीचे उंडे

हरणीने त्या दिवशी किती उंडे खाल्ले, हे कुणालाच धड सांगता आलं नाही. येळवशीला कुणी कुणाच्या पानातलं मोजत नाही, मग कुत्रीच्या पुढ्यातलं कोण मोजणार?

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी उदगीर-लातूरकडची गावंच्या गावं शेतात जेवायला जातात. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याला नाही तो बोलावतील त्यांच्या शेतात. आणि बोलावणं सगळ्यांनाच असतं. गावात मात्र दुकानं बंद, दारांना कुलपं. नीलाबाई लग्न होऊन उदगिरात आल्या तेव्हा ही सगळी ये-जा बैलगाडीने होई. आंबिलीचं मडकं हिंदकळू नये म्हणून सासूबाई ते मांडीला टेकवून बसायच्या आणि वाटभर गाडीवानाला रागवायच्या. आता मडकं जाऊन स्टीलचं पिंप आलं. ताकात आंबवलेली आंबील तीच राहिली, आणि मिसळीच्या भाज्यांची भज्जी आणि बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोळे, म्हणजे उंडेही.

नीलाबाईंचं शेत जळकोट रस्त्याला. शेतातच दोन खोल्या आणि पुढे पत्र्याचं छप्पर, त्याला सगळे आखाडा म्हणत. नवरा शिवमूर्ती वारल्यावर त्या गावातलं घर भाड्याने देऊन आखाड्यावर राहायला आल्या. मुलगा बसवराज नांदेडला बँकेत होता. त्याला हे मुळीच पसंत नव्हतं. सत्तरी ओलांडलेली बाई, रस्त्यापासून एवढ्या आत, एकटी. त्याने आईला नांदेडच्या फ्लॅटवर न्यायचं पक्कं केलं होतं, भांडीसुद्धा पोत्यात भरून झाली होती. तेवढ्यात जावेदने कारवानी या शिकारी जातीच्या कुत्रीचं एक पिल्लू आणून नीलाबाईंच्या ओटीत टाकलं. जावेद हा साबेराचा मुलगा. साबेरा म्हणजे नीलाबाईंची जुनी मैत्रीण, गावातल्या घराच्या भिंतीला भिंत लागून राहणारी.

पिल्लू वर्षभरात वासराएवढं उंच झालं. खोल छाती, मुठीत मावेल अशी कंबर, आणि पळायला लागली की पाय जमिनीला लागतात की नाही कळू नये. म्हणून नाव हरणी. विहिरीवरची मोटार चोरायला आलेल्या दोघांना तिने बांधापलीकडे पिटाळलं, तेव्हा बसवराजने सामान सोडायला सांगितलं. "ठीक हाय," तो म्हणाला, "ही हाय तोवर राहा."

ही आहे तोवर. नीलाबाईंनी ते शब्द नीट ऐकून ठेवले होते.

तर, येळवशीची रीत. नीलाबाईंच्या सासऱ्यांनी घालून दिलं होतं, की शेतात जेवायला बसणाऱ्याने पहिला उंडा राखणदाराला घालायचा आणि मग आपण खायचं. सासऱ्यांच्या वेळी जेवायला घरची माणसं असत, आणि राखणदार म्हणजे म्हातारा, दात पडलेला कुत्रा, जो अर्धा उंडा खाऊन झोपी जाई. आता पाहुणे पंगतीने येत. त्या दिवशीही सकाळपासून जो आला त्याने हरणीला उंडा घातला. ती शेपटी हलवत प्रत्येकाच्या हातून खाई, आणि नीलाबाईंना कौतुक वाटे. "राखणदाराचा मान हाय, घाला, घाला," असं त्या स्वतःच म्हणत होत्या. वर कुणीतरी आंबिलीच्या पिंपाचा तळ तिच्या भांड्यात ओतला. तोही तिने चाटूनपुसून साफ केला. मग पोरांचा पतंग तुटला, आणि हरणी त्याच्यामागे हरभऱ्यातून, ज्वारीतून, बांधावरून अशी सुसाट धावली की पंगतीतले लोक उभे राहून बघत राहिले.

उन्हं कलायला लागली तसे पाहुणे पांगले. जावेद बोरीच्या सावलीला आडवा झाला होता. नांदेडहून सणाला आलेली सून मंजुषा भांडी घासत होती. बसवराजला ऑडिटमुळे सुट्टी मिळाली नव्हती.

हरणी पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीमागून आली. मान खाली, पाय फाकलेले. ओकायला यावं तशी तिने मान ताणली, पोट आत ओढलं, एकदा, दोनदा, आणि तोंडातून निघाली ती नुसती तारेसारखी लाळ.

"हिला लई झालं जेवण," जावेद पडल्या पडल्या म्हणाला. "माझ्यावानीच. फक्त मी गप पडून राहिलो."

"तू गप कवा पडतोस रे? तोंड तर चालूच हाय," नीलाबाई म्हणाल्या.

"अव्वा, हिच्या पोटाकडे बघा बरं," मंजुषाने हाक मारली.

हरणीची ती मुठीत मावणारी कंबर कुठे राहिलीच नव्हती. बरगड्यांच्या मागे दोन्ही बाजूंनी पोट वर आलं होतं. नीलाबाईंनी बोटाने टिचकी मारली. हलगीवर मारावी तसा आवाज आला.

पोटफुगी. नीलाबाईंना हे नवं नव्हतं. कोवळी ज्वारी किंवा ओला लसूणघास खाऊन बैल फुगला, की आसपासच्या शेतांवरून माणसं त्यांनाच बोलवायला येत. गोडेतेलात हिंग आणि ओव्याची पूड कालवून बांबूच्या नळीने पाजायचं, तोंडात कडुनिंबाची आडवी काडी बांधायची म्हणजे जनावर चघळत राहतं, आणि हळूहळू फिरवायचं. मग मोठा ढेकर येतो आणि मालकाचा चेहरा उजळतो. कितीतरी बैल त्यांच्या हातून असे उभे राहिले होते.

"जावेद, ऊठ. हिला फिरव जरा. मंजुषा, तेलाची बरणी आण, आन् डब्यातला हिंग."

जावेद उठला. हरणी चार पावलं चालली आणि बसली. बसली तशी उठली. पुन्हा बसली. मान वळवून आपल्याच कुशीकडे बघायला लागली, जणू तिथे कुणी चावलं आहे. मग पुन्हा मान ताणून ओकारी, आणि पुन्हा फक्त फेस.

"काकी, ही चालंना," जावेद म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

"मग धर तिला. जबडा वर कर."

नीलाबाई गुडघ्यावर बसल्या, तेलाची वाटी एका हातात. दुसऱ्या हाताने त्यांनी हरणीचा ओठ वर सारला. हिरड्या नेहमी गुलाबी असत. आता त्या धुतलेल्या धोतरासारख्या पांढुरक्या दिसत होत्या, आणि बोटाला गार लागल्या. त्याच क्षणी हरणीच्या अंगातून पुन्हा ती कळ आली. सगळं शरीर ओढून तिने ओकायचा जीव तोडून प्रयत्न केला, नीलाबाईंच्या तोंडासमोरच. काहीही बाहेर आलं नाही.

नीलाबाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली.

हे त्यांनी पाहिलं होतं. बैलात नाही. जळकोटला, माहेरी, परकर नेसायच्या वयात. वडील गुरुपादप्पा यांचा पाखऱ्या नावाचा शिकारी कुत्रा होता, असाच उंच, असाच खोल छातीचा. आत्याच्या लग्नाच्या दिवशी पंगतीचं उरलेलं सगळं पाखऱ्याला घातलं होतं. संध्याकाळी तो असाच मान ताणून ओकायला बघत होता आणि काही पडत नव्हतं. पोट असंच ढोलासारखं. दुसऱ्या दिवशी अंगणात ताठ होऊन पडलेला सापडला. सगळे म्हणाले, विष घातलं. कुणी घातलं? तर साहेबरावाने, बांधापलीकडच्या. बांधावरून त्याचं आणि गुरुपादप्पांचं वाजलं होतं. साहेबरावाने महादेवाच्या पिंडीवर हात ठेवून शपथ घेतली, पण गुरुपादप्पा मरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत.

आणि आज हरणीला कुणी विष घातलं होतं? तिने तर सगळं आपल्या डोळ्यादेखत, आपल्याच माणसांच्या हातून खाल्लं होतं.

नीलाबाईंनी वाटी जमिनीवर ठेवली.

"सोड तिचं तोंड, जावेद. हे बैलाचं दुखणं न्हाई. मंजुषा, त्या लुंबिनी डॉक्टरीणबाईला फोन लाव. सुया टोचायला नेतो ना, ती."

मंजुषाने फोन लावून स्पीकर सुरू केला. पलीकडे पंगतीचा गलका ऐकू येत होता. डॉक्टर लुंबिनी मूळच्या बाहेरगावच्या, उमरीच्या, पण आज त्याही कुणाच्या तरी शेतात येळवस जेवायला गेल्या होत्या. मंजुषाचं सांगणं पुरतं व्हायच्या आतच त्यांनी तिला थांबवलं.

"ओकायला बघते, पण काही पडत नाही, बरोबर? पोट टणक लागतं? हिरड्या?"

"पांढऱ्या," नीलाबाई मध्येच म्हणाल्या. "आन् गार."

"तेल-बिल पाजलं का, आजी?"

"पाजणार होते. न्हाई पाजलं."

"लई चांगलं केलं. काहीच पाजू नका, पाणीसुद्धा. आत जायला वाटच नसली तर ते फुफ्फुसात उतरेल. चालवू नका. पोट चोळू नका. उचलून गाडीत घाला आणि दवाखान्यात आणा, आत्ताच्या आत्ता. भांडीकुंडी आवरत बसू नका. मी निघालेच."

जावेदचा छोटा हत्ती टेम्पो बांधाशी उभा होता. गोधडीचे चार कोपरे धरून त्यांनी हरणीला मागे ठेवलं. नीलाबाई आणि मंजुषा तिच्याजवळ बसल्या.

"काकी, पुढं बसा की. खड्डे लई हायत."

"तू गाडी चालीव."

एरवी जळकोट रस्ता म्हणजे उसाच्या ट्रॉल्या, ट्रक आणि मध्येच आडवी बसलेली जनावरं. आज रस्त्यावर काही नव्हतं. उदगिरात शिरले तर धान्याच्या बाजारात एकही हमाल दिसेना. नीलाबाईंना हे मोकळं गाव नवीन लग्न झालं तेव्हा फार आवडायचं. आज मात्र त्या कुठे एखादा माणूस दिसतो का ते बघत होत्या. वाटेत काही झालं असतं तर हाक मारायला माणूस नव्हतं. हरणीचा श्वास उथळ झाला होता. तिने पाय लांब केले होते आणि आता ओकायचा प्रयत्नही करत नव्हती. नीलाबाई तिच्या कानाशी वाकून एकसारखं काहीतरी बोलत होत्या. काय बोलत होत्या ते त्यांनाही नंतर आठवलं नाही.

दवाखान्याच्या दारात डॉक्टर लुंबिनी स्कूटीवरून उतरतच होत्या. अंगावर सणाची साडी, पदराला आंबिलीचा डाग. त्यांनी पदर खोचला, हरणीला टेबलावर घेतलं, पोटाला कान लावला, आणि बरगड्यांच्या मागची चार बोटं जागा वस्तऱ्याने साफ करून तिथे जाड सुई खुपसली. फुस्स करून हवा सुटली. खोलीभर आंबट वास पसरला. आंबिलीचाच.

"ही हवा सोडली ती फक्त वेळ मिळावा म्हणून," लुंबिनी म्हणाल्या. दोन्ही पुढच्या पायांत त्यांनी सलाईन सुरू केलं. "आता फोटो काढू."

एक्स-रेची फिल्म उजेडाला धरून त्यांनी नीलाबाईंना दाखवलं. "आजी, हे पोट. नुसतं फुगलं नाही, पिळलं गेलंय. धुणं पिळतो तसं. वरचं तोंड बंद, खालचंही बंद. बैलाचं फुगतं तेव्हा वाट मोकळी असते, म्हणून तुमच्या तेलाने फेस मोडतो आणि ढेकर येतो. इथं ढेकर यायलाच रस्ता नाही."

"आन् हे झालं कशानं? उंड्यानं?"

"उंड्याने असं नाही. अशा खोल छातीच्या जातीत हे जास्त होतं. एकदम पोटभर खाणं, वर आंबवलेलं पातळ, वर लगेच पळणं. कधी यातलं काहीच नसतानाही होतं. ऑपरेशन करावं लागेल. रक्त अडलंय, पोटाचा भाग काळा पडला असेल तर टेबलावरच जाईल, हे आधी सांगते. आणि नाही केलं तर उद्याचा दिवस नाही."

"करा," नीलाबाई म्हणाल्या.

मंजुषा ओसरीत जाऊन बसवराजशी फोनवर बोलत होती. बसवराजचा आवाज लहानपणापासून मोठा. फोनमधून तो आतपर्यंत ऐकू येत होता. "करा काय करायचं ते. पण अव्वाला सांग, हिचं काही बरंवाईट झालं तर मग मी ऐकणार न्हाई. सकाळी गाडी घेऊनच येतो."

मंजुषा फोन ठेवून आत आली.

"ऐकलं मी," नीलाबाई म्हणाल्या.

ऑपरेशनच्या खोलीचं दार लागलं. लुंबिनींच्या हाताखालचा माणूसही शेतातूनच धावत आला होता, त्याच्या पायाला काळी माती तशीच होती. थोड्या वेळाने साबेरा थर्मासमधून चहा घेऊन आली. तिला जावेदने कळवलं होतं.

"काय गं नीला, सणाचं जेवण कुत्रीला आणि भूक मला," ती बाकावर बसत म्हणाली. "दुपारी माझ्या वाट्याला दोनच उंडे आले. आता कळलं बाकीचे कुठं गेले."

"तुला गुडघ्याचं पथ्य हाय म्हणून दिले न्हाईत."

"गुडघ्यानं खाते का मी?"

मंजुषाला हसू आलं. नीलाबाईही हसल्या, पण हातातला चहा तसाच निवला.

मग त्यांनी पाखऱ्याची गोष्ट सांगितली, सगळी. साबेराने ती कधी ऐकली नव्हती. "म्हणजे साहेबरावानं काही घातलं नव्हतं गं," शेवटी त्या म्हणाल्या. "आप्पानं त्याच्या मयतीलासुद्धा आम्हाला जाऊ दिलं न्हाई. त्याची बायको आडावर आली की आम्ही घागरी उचलून निघून यायचो."

"तुम्ही लहान होता, अव्वा."

"व्हय. पण तो मोठा होता ना, म्हातारा होता. त्याला लई लागलं असेल."

साबेराने नीलाबाईंच्या हातातला गार चहा काढून घेतला आणि दुसरा ओतला.

"अव्वा, खरं सांगू?" थोड्या वेळाने मंजुषा म्हणाली. "तुम्ही आमच्याकडे राहायला आलात तर मला बरंच आहे. मी दिवसभर एकटी असते. पण मागच्या दिवाळीत तुम्ही चार दिवस राहिलात ना, तेव्हा गॅलरीतून खाली बघत उभ्या असायच्या. खाली काय, पार्किंग. तुम्हाला तिथं काही करायलाच नव्हतं. ते मला बघवलं नाही."

"मग हे तुझ्या नवऱ्याला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं. ते म्हणतात, काही करायला नसणं म्हणजेच आराम."

दार उघडलं तेव्हा बाहेर दिवे लागले होते. लुंबिनींच्या कपाळाला केस चिकटले होते. "वेळेत आणलंत," त्या म्हणाल्या. "पोट लालसर झालंय, पण काळं पडलेलं नाही. पीळ सोडवला, रिकामं केलं, आणि बरगड्यांमागच्या आतल्या भिंतीला टाके घालून शिवून टाकलं, म्हणजे पुन्हा फिरणार नाही. पण अजून सुटली असं समजू नका. दोन-तीन दिवस हृदय दगा देऊ शकतं. मी इथंच आहे रात्री."

नीलाबाईंनी आत जाऊन बघितलं. हरणीची जीभ बाहेर लोंबत होती, पोट पुन्हा बारीक झालं होतं, पट्टीने गुंडाळलेलं. हिरडीला बोट लावलं. कोमट होती.

त्या रात्री त्या साबेराकडे झोपल्या, म्हणजे झोपल्या असं म्हणायचं.

बसवराज उजाडता उजाडता नांदेडहून निघाला असावा; चहाच्या वेळेला दवाखान्यात हजर होता. मोठी, डिकीची गाडी घेऊन आला होता, सामान मावेल अशी. हरणी चटईवर पडून होती. त्याचा आवाज ऐकून तिने शेपटीचं टोक जमिनीवर दोनदा आपटलं. तो खाली बसला आणि त्याने तिच्या कपाळावरून हात फिरवला. मग उठून आईकडे आला.

"वाचली म्हणायची."

"वाचतीय अजून. पुरती न्हाई."

"अव्वा, पण आता ही तुझी काय राखण करणार? डॉक्टर म्हणतात महिनाभर पळायचं नाही, उड्या नाही. चोर आला तर पडल्या पडल्या बघत राहील."

"बघू दे."

"मग? आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं, ही हाय तोवर. ही हाय." नीलाबाई उठल्या नाहीत, बाकावरच बसून बोलत होत्या. "आन् डॉक्टरीणबाईनं काय सांगितलं ते ऐकलंस का? आता हिला एकदम घालायचं न्हाई. दिवसातून तीनदा, थोडं थोडं. खाण्याआधी आन् खाल्ल्यावर तासभर बांधून ठेवायचं. कुणी पाहुणा आला तरी त्याच्या हातून काही न्हाई. पोट रोज हाताने बघायचं. हे तुझ्या फ्लॅटवर कोण करणार? तिसऱ्या मजल्यावर?"

"मंजुषा करेल."

"मी नाही करणार," मंजुषा शांतपणे म्हणाली. "मला एवढ्या मोठ्या कुत्र्याची भीती वाटते. काल धरली होती ती वेळच तशी होती."

बसवराजने बायकोकडे बघितलं, मग आईकडे. त्या दोघींत काही बोलणं झालेलं आहे, हे त्याला कळलं असावं. जावेद दारात उभा राहून गालातल्या गालात हसत होता. "बसूभाई, गाडी रिकामी न्यायची नसली तर माझ्या दुकानातली पेंडीची पोती हायत."

"तू गप रे."

तो लुंबिनींच्या टेबलाशी गेला. एका वेळी किती घालायचं, काय काय चालेल, आंबील पूर्ण बंद का, असं सगळं विचारून घेतलं. बँकेत लोकांना विचारतो तसंच, एकेक. पुन्हा असं दिसलं तर काय करायचं, हेही विचारलं. "दिसलं की निघायचं," लुंबिनी म्हणाल्या. "घरी काही करायचं नाही. निघायचं." बसवराज परत आला आणि आईच्या शेजारी बसला.

"टाके निघेपर्यंत साबेराचाचीकडे राहा. दवाखाना जवळ आहे."

"राहते."

"त्यानंतर आखाड्यावर गेलीस की तिन्ही वेळा फोन करायचा. हरणीला घातलं, खाल्लं, पोट ठीक आहे, एवढं सांगायचं. फोन आला न्हाई तर मी जावेदला पाठवणार. आणि दोनदा आला न्हाई तर मी स्वतः येणार, सामान भरायला पोती घेऊन."

"हिचं जेवण झालं का म्हणून विचारणार. आन् माझं?"

"तुझंही विचारीन."

नीलाबाईंना तीन वेळा म्हणजे जाचच वाटला, पण पार्किंगपेक्षा बरा.

"बरं," त्या म्हणाल्या. "पर दुपारचा फोन मी लवकर करीन. मी जेवले की पडते जरा."